सव्वा आणि पावणेदोन

सांग्याच्या पुलाअलीकडे गाडी वाजायला लागली.
आधी वाटलं, बाटल्याच;
गोटीसोड्याच्या बाटल्या कुठे गप्प बसतात.
पण भरलेल्या बाटलीत गोटी गळ्याशी घट्ट असते,
ती बोलत नाही.
वाजत होतं खालून, मागच्या डाव्या चाकापाशी,
बंद दारावर कुणी एका बोटाने वाजवावं तसं,
ठक.
मग जरा थांबून, ठक.

इनास गाडीखाली कमरेपर्यंत गेला.
शॉकअप अजून वर्षभर चालेल, म्हणाला तिथूनच,
आणि एक हात बाहेर आला,
हातात बोल्ट: मधोमध कंबर झिजलेली.
मीच बसवला होता मे महिन्यात,
डब्यात सापडला म्हणून.
वेल्ड केलेल्या नटाच्या आट्यांना न शिवता
आरपार गेला,
पलीकडे दुसरा नट लावून मी हात पुसले होते.
"भितर गेलो म्हणटकच बसलो?"
इनासने विचारलं. उत्तरासाठी थांबला नाही.

सावर्ड्याच्या तिस्कावर सुकांतीबायचं दुकान.
खाणी जोरात होत्या तेव्हाचे ट्रकांचे बोल्ट
अजून खालच्या फळीवर, मनगटाएवढे,
वर लाल धुळीचा थर.
"सतराचा द्या," मी ऐटीत.
"सतरा हे डोक्याचं माप, पान्याला लागतं ते.
अंगाचं सांगा."
सहा वर्षं गाडी माझ्याकडे,
अंगाचं मला माहीत नव्हतं.

तिने व्हर्नियरच्या जबड्यात माझा बोल्ट धरला: दहा.
इनासने सोबत दिलेली बुशातली नळी मोजली: बारा.
"दोन मिलिमीटर," ती म्हणाली,
"कुडचडे ते सांगे, रोजचा अख्खा रस्ता
तुम्ही यात हलवत होता."

मग काउंटरवर तीन ठेवले. तिन्ही बाराचे.
एक स्टेनलेसचा, आरशासारखा.
माझा हात तिकडेच गेला;
खाऱ्या हवेत पत्रा कसा खातो ते
पाहिलंय मी दर पावसाळ्यानंतर.
"तो गेटाला लावा. गंजणार नाही,
पण या जागी भार आला की मान टाकेल."
उरलेले दोन काळपट,
डोक्यावर दोघांच्याही उठवलेलं दहा-नऊ,
लांबी तीच, जुळे म्हणावेत.
तिने एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत टेकवले
आणि उजेडाकडे धरले.
पहिला आटा मिळाला, दुसरा मिळाल्यासारखा वाटला,
पुढे फटींतून बाहेरचा रस्ता दिसू लागला.
"हा पावणेदोन, हा सव्वा.
तुमच्या नटाला सव्वा."
आणि पावणेदोनवाला चालवला तर?
"पाना लांब असला तर चालेल की," ती हसली,
"एकदाच."

इनासने पाना घेतला नाही आधी.
दोन बोटांत धरून फिरवला,
पाच वेढे, सहा,
डोळे मिटलेले, जीभ दातांत.
"हाताक कळटा," म्हणाला.
मग पान्याने थोडा आवळला आणि सोडला.
मी म्हटलं, पुरा आवळ ना.
तर मान हलवून त्याने जॅक खाली घेतला,
गाडी आपल्या चार चाकांवर आली,
वर त्याने माझे सोळा क्रेट चढवायला लावले,
आणि मग सिमेंटवर पाठ टेकून,
त्या सगळ्या वजनाखाली हात घालून
शेवटचा आवळ दिला.
हवेत लटकताना आवळलं, तर जमिनीवर आल्यावर
बुशातलं रबर जन्मभर पिळलेलं राहतं.
हे त्याने कोकणीत सांगितलं, दोनच शब्दांत,
मला मराठीत इतके लागले.

दहाचा बोल्ट मी टाकला नाही.
डॅशबोर्डवर आहे, वळणावर इकडून तिकडे जातो.
सांग्याला पोचेपर्यंत बाकी काही वाजलं नाही,
पुलावरचा खड्डासुद्धा नुसता खाली बसून वर आला.

परतताना सगळ्या बाटल्या रिकाम्या.
पुलापासून कुडचड्यापर्यंत दीड-दोनशे गोट्या
काचेत खुळखुळत होत्या.
मी खिडकी उघडी ठेवली.